विद्यार्थ्याचा डबा

विद्यार्थ्याचें दुपारचें जेवण हें त्याच्या इतर सर्व जेवणांहून एका बाबतींत निराळें आहे. सकाळची न्याहरी व रात्रीचें जेवण हीं आईच्या नजरेखालीं होतात. ताटांत काय उरलें, पोट भरलें कीं नाहीं, हें तिला समोर दिसतें. दुपारचें जेवण मात्र सकाळीं घाईघाईनें एका लहानशा डब्यांत बंद होतें, चार-पांच तासांनीं दूर शाळेंत उघडलें जातें, आणि पुढें त्याचें काय झालें हें घरीं कोणास कळत नाहीं. डबा रिकामा परत आला म्हणजे मूल जेवलें, असें आपण समजतों. परंतु डब्यांतील पदार्थ मुलाच्या पोटांत गेला, मित्राच्या पोटांत गेला, कीं कुंपणापलीकडील कुत्र्यापुढें पडला, हें रिकामा डबा सांगत नाहीं.

म्हणून या लेखांत डब्याचा थोडा बारकाईनें विचार करण्याचें योजिलें आहे. हा लेख जितका पालकांसाठीं आहे तितकाच विद्यार्थ्यांसाठींहि आहे. कारण डबा भरणारे हात एकाचे आणि तो खाणारें तोंड दुसऱ्याचें, आणि दोघांसहि त्यांतील मर्म कळल्यावांचून काम साधत नाहीं.

प्रथम हें पाहूं कीं हायस्कुलांतील मुलामुलींच्या डब्यास इतकें महत्त्व कां द्यावें. आपल्या देशांत शाळेंतून मुलांस दुपारचें अन्न देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली. आरंभीं बहुतेक ठिकाणीं कोरडें धान्य वाटलें जाई. २००१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच दिलें पाहिजे असा आदेश दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून खिचडीचीं पातेलीं चुलीवर चढूं लागलीं. २०२१ पासून या योजनेस प्रधानमंत्री पोषण शक्ति निर्माण असें नांव मिळालें आहे. सरकारी व अनुदानित शाळांतील सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागें या योजनेंत दररोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल असें प्रमाण ठरलें आहे. त्यांतून सुमारें ७०० किलोकॅलरी उष्णता व २० ग्रॅम प्रथिनें मिळावींत असा हिशेब आहे.

परंतु ही राष्ट्रीय योजना आठवीच्या वर्गापाशीं थांबते. नववींत पाऊल टाकतांच दुपारच्या अन्नाची सर्व जबाबदारी घरच्या डब्यावर येऊन पडते. आणि हें ज्या वयांत घडतें तें वय तर शरीराच्या झपाट्यानें होणाऱ्या वाढीचें असतें. एका वर्षांत विजारी आंखूड होतात, सदरे अंगास घट्ट बसतात, हें प्रत्येक पालकाच्या अनुभवाचें आहे. वाढणाऱ्या हाडांस, स्नायूंस व रक्तास लागणारें साहित्य अन्नांतूनच यावयाचें. मुलींस तर ऋतुप्राप्तीनंतर दरमहा होणारी रक्ताची हानीहि भरून काढावी लागते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणें १३ ते १५ वर्षांच्या मुलास दररोज २२ मिलिग्रॅम, व त्याच वयाच्या मुलीस ३० मिलिग्रॅम लोह आहारांतून मिळावयास पाहिजे. प्रत्यक्षांत काय आढळतें? २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुलींच्या रक्तांत लोहाचें रंगद्रव्य प्रमाणापेक्षां कमी असल्याचें दिसून आलें. म्हणजे एका बाकावर पांच मुली बसल्या असतील तर त्यांपैकीं तिघी रक्तक्षयानें पीडित आहेत.

रक्तक्षय झालेलें मूल अंथरुणास खिळत नाहीं. तें शाळेंत येतें, बाकावर बसतें, वहींत लिहितेंहि. परंतु जिना चढतांना त्यास धाप लागते, दुपारच्या तासास डोळे जड होतात, आणि एकदां वाचलेलें पुन्हां वाचावें लागतें. शिक्षक त्यास आळशी म्हणतात, घरचीं माणसें निष्काळजी म्हणतात, आणि कांहीं दिवसांनीं तें मूल स्वतःस मंदबुद्धि समजूं लागतें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत वाईट. म्हणून दुपारच्या तासाला पेंगणाऱ्या मुलास बोल लावण्यापूर्वीं त्यानें डब्यांत काय आणलें होतें, हें एकदां विचारून पाहावें.

आतां डब्यांत काय असावें याकडे वळूं. आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारा डबा म्हणजे पोळी आणि बटाट्याची भाजी. हा डबा रुचकर असतो, लवकर तयार होतो, आणि त्यानें पोटहि भरतें. तथापि पोळी व बटाटा हीं दोन्ही मुख्यतः पिष्टमय अन्नें आहेत. तीं शरीररूपी चुलीस सर्पण पुरवितात, परंतु घर बांधावयास लागणाऱ्या विटा पुरेशा आणीत नाहींत. साखर-पोळी, जॅम-पाव, किंवा पाकिटांतील शेवया यांविषयीं हेंच, किंबहुना याहूनहि अधिक, म्हणावें लागेल.

शरीराच्या विटा म्हणजे प्रथिनें. अमिनो आम्लें नांवाच्या सुमारें वीस निरनिराळ्या घटकांच्या सांखळ्यांनीं प्रथिनें बनतात. त्यांपैकीं कांहीं घटक शरीरास स्वतः तयार करितां येत नाहींत; ते अन्नांतूनच यावे लागतात. यांतील लायसिन नांवाचा घटक गहूं, ज्वारी, तांदूळ यांत कमी असतो, परंतु डाळी व कडधान्यें यांत भरपूर असतो. उलट मेथिओनिन नांवाचा घटक डाळींत कमी, तर धान्यांत त्या मानानें अधिक असतो. एकाची उणीव दुसरें भरून काढतें. आपल्या आज्यापणज्यांस हीं नांवें ठाऊक नव्हतीं. परंतु भाकरी-उसळ, वरण-भात, मुगाची खिचडी, भाजणीचें थालीपीठ यांतून ही जोडी त्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांभाळली. ज्या घरीं अंडीं किंवा मासळी चालते तेथें तीं डाळीचें काम अधिकच चांगल्या रीतीनें करितात. एका अंड्यांत सुमारें सहा ग्रॅम उत्तम प्रथिनें असतात. ज्या घरीं तीं चालत नाहींत तेथें मूठभर मटकी, चवळी, हरभरे किंवा शेंगदाणे यांनीं उणें पडूं देऊं नये.

दुसरी जोडी लोहाची. हिचें रहस्य पुष्कळांस माहीत नसतें, म्हणून तें थोडें विस्तारानें सांगतों. अन्नांत लोह असणें निराळें आणि तें रक्तांत पोंचणें निराळें. मांस-मासळींतील लोह शरीर सहज शोषून घेतें. परंतु धान्यें, कडधान्यें व पालेभाज्या यांतील लोहाचा फारच थोडा अंश आंतड्यांतून रक्तांत जातो. याचें एक कारण असें कीं धान्याच्या व कडधान्याच्या दाण्यांत फायटिक आम्ल नांवाचें द्रव्य असतें, आणि तें लोहास घट्ट धरून ठेवितें. यावर दोन उपाय आहेत आणि ते दोन्ही आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वींपासून आहेत.

पहिला उपाय मोड आणण्याचा. कडधान्य भिजवून फडक्यांत बांधून ठेविलें म्हणजे अंकुर फुटतांना दाणा स्वतःच तें आम्ल मोडूं लागतो, आणि पकडलेलें लोह कांहीं अंशीं मोकळें होतें. पीठ आंबविल्यानेंहि हेंच घडतें. दुसरा उपाय आंबट फळांचा. लिंबू, आवळा, पेरू, संत्रें यांत क जीवनसत्त्व असतें, आणि तें त्याच जेवणाबरोबर पोटांत गेलें तर लोहाचें शोषण चांगलें वाढतें. यांत पेरूचा मान मोठा आहे. त्यांत संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतें, आणि तो गरिबाच्या परसांतहि पिकतो. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. हें जीवनसत्त्व उष्णतेनें नाश पावतें. म्हणून लिंबू भाजी शिजतांना पिळण्यापेक्षां त्याची फोड डब्यांत निराळी ठेवावी, व मुलानें ती खातेवेळीं उसळीवर पिळून घ्यावी. दोन बोटांच्या या कामास क्षणभराचाहि वेळ लागत नाहीं, पण त्याच डब्यांतील लोहाची किंमत त्यानें वाढते.

याच्या उलट परिणाम चहाचा. चहांतील टॅनिन लोहास बांधून टाकतें. जेवणाबरोबर किंवा जेवण होतांच चहा घेतला तर डब्यांतील पालेभाजीचा बराच लाभ वायां जातो. चहा घ्यावयाचाच असेल तर जेवण व चहा यांत तासाभराचें तरी अंतर असावें.

डबा हें औषध मात्र नव्हे. ज्या मुलाचे ओंठ, नखें व डोळ्यांच्या पापण्यांची आंतील बाजू फिकट दिसते, त्यास डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासून घ्यावें. सरकारी योजनेंतून शाळांत आठवड्यास एक लोहाची निळी गोळी देतात, तीहि टाळूं नये. आणि ती रिकाम्या पोटीं न घेतां डबा खाऊन झाल्यावर घ्यावी, म्हणजे मळमळण्याचा त्रास कमी होतो.

हाडांसाठीं कॅल्शियम, म्हणजेच चुन्याचा अंश, पाहिजे. १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींस त्याची दररोजची गरज सुमारें १००० मिलिग्रॅम आहे. दूध-दह्यांतून तें मिळतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु १०० ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें, आणि तेवढ्याच सडलेल्या तांदळांत तें दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. न सोललेले तीळही या बाबतींत फार संपन्न आहेत. कोंकणांतील घरीं कांट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी तेंच काम करिते. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, तिळगुळाची वडी हे डब्यांत सहज मावणारे पदार्थ होत.

येथें एक नाजूक विषय काढणें भाग आहे. कित्येक विद्यार्थ्यांस भाकरीचा डबा मित्रांदेखत उघडण्याची लाज वाटते. काळसर भाकरी, हिरवी भाजी व लसणीची चटणी झांकणाआड ठेवून तीं चोरट्यासारखीं खातात, किंवा खातच नाहींत; आणि शेजाऱ्याच्या पांढऱ्या पावाकडे व रंगीत पाकिटाकडे आशेनें पाहातात. अशांस एका प्रसिद्ध प्रयोगाची हकीगत सांगावीशी वाटते.

निलगिरी पर्वतांतील कुन्नूर येथें सर रॉबर्ट मॅककॅरिसन या डॉक्टरांनीं इंग्रजी अमदानींत आहाराविषयीं संशोधन केलें. तेथील प्रयोगशाळा पुढें १९५८ सालीं हैदराबादेस गेली, आणि वर उल्लेखिलेली राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. मॅककॅरिसन यांनीं पांढऱ्या उंदरांचे गट करून त्यांस निरनिराळ्या लोकांचे आहार खावयास दिले. एका गटास पंजाबांतील शीख शेतकऱ्याचा आहार होता : कोंड्यासकट गव्हाची चपाती, डाळ, भाज्या, दूध व लोणी. दुसऱ्या गटास इंग्लंडांतील गरीब वर्गाचा आहार होता : पांढरा पाव, कृत्रिम लोणी, साखरेचा चहा, उकडलेल्या भाज्या, डबाबंद मांस व मुरंबा. पहिल्या गटांतील उंदीर धष्टपुष्ट व निरोगी राहिले. दुसऱ्या गटांतील उंदीर खुरटले, आजारी पडूं लागले, आणि एकमेकांवर तुटून पडूं लागले. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे हें खरें. तथापि या प्रयोगांत राज्यकर्त्या देशाचा पाव-मुरंबा हरला, आणि शेतकऱ्याची चपाती-डाळ जिंकली, हें विसरतां येत नाहीं. तेव्हां भाकरी आणणाऱ्यानें मान खालीं घालण्याचें कांहीं एक कारण नाहीं. आणि दुसऱ्याच्या डब्यास नाक मुरडणाऱ्यानें, मग तो डबा भाकरीचा असो, सुकटीचा असो, कीं अंड्याचा असो, आपण एका उपाशी राहणाऱ्या मुलाचे अपराधी होत आहों, हें ध्यानांत ठेवावें.

फाटकाबाहेर मिळणाऱ्या तळीव व गोड पदार्थांविषयीं फार लिहीत नाहीं. ज्यांत चरबी, मीठ किंवा साखर फार असते असे पदार्थ शाळेच्या आवारांत व फाटकापासून ५० मीटरांच्या आंत विकूं नयेत, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२० सालीं केला आहे. नियम आपलें काम करो वा न करो. खिशांत डब्याऐवजीं पैसे देणाऱ्या पालकांनीं त्या पैशांचें काय होतें याचा विचार स्वतः करावा.

डबा चांगला असण्याइतकेंच तो न बिघडणेंहि महत्त्वाचें आहे. आपल्या हवेंत शिजलेलें ओलें अन्न चार-पांच तास बंद राहिलें तर जंतूंस तें मोठें सुख असतें. यासाठीं पुढील गोष्टी पाळाव्यात. अन्न शक्यतों त्याच सकाळीं शिजवावें. रात्रभर बाहेर राहिलेला भात परतून डब्यांत देऊं नये. भातांतील एका जातीच्या जंतूंचे बीजकण शिजविल्यानेंहि मरत नाहींत, आणि त्यांनीं केलेलें विष पुन्हां तापविल्यानें जात नाहीं. पोळी व भाजी यांची वाफ जाऊं दिल्यावर झांकण लावावें, नाहीं तर पाणी सुटून पदार्थ लवकर आंबतो. भाजी कोरडी असावी. अंडें उकडलेलें असेल तर तें कवचासकट द्यावें. ओल्या नारळाचे पदार्थ उन्हाळ्यांत टाळावेत. डबा पोलादी, रुंद तोंडाचा व कोपऱ्यांत घाण न सांठणारा असावा. ऊन पदार्थ हलक्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरूं नये. पोळी जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळण्याची चाल अजून कित्येक घरीं आहे. छापण्याच्या शाईंतील द्रव्यें अपायकारक असल्यामुळें ती सोडावी, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालींच दिला आहे. त्याऐवजीं स्वच्छ धुतलेलें सुती फडकें घ्यावें. डब्याबरोबर पाण्याची बाटली द्यावी. आणि विद्यार्थ्यानें डबा उघडण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. खडूच्या व मातीच्या हातांनीं खाल्लेला उत्तम डबाहि रोगाचें आमंत्रण ठरतो.

कोणी गृहिणी म्हणेल, “हें सर्व ऐकावयास ठीक आहे, पण सकाळच्या घाईंत रोज नवें काय सुचणार?” तिच्यासाठीं एका आठवड्याचा नमुना देतों. तो जसाच्या तसा पाळावा असें नाहीं. आपल्या घरच्या रीतीप्रमाणें व हंगामाप्रमाणें त्यांत फेरफार करावा.

सोमवार : ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची सुकी उसळ, लिंबाची फोड, गाजर.
मंगळवार : गव्हाची पोळी, मुगाची डाळ घालून केलेली मेथीची भाजी, पेरू.
बुधवार : भाजणीचें थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी, काकडी, संत्रें.
गुरुवार : पोळी, उकडलेलें अंडें किंवा हरभऱ्याची उसळ, कोबीची भाजी, लिंबाची फोड.
शुक्रवार : नाचणीची भाकरी, डाळ घातलेला लाल माठ, आवळा किंवा पेरू.
शनिवार : मुगाचीं धिरडीं, टोमॅटोची सुकी चटणी, केळें, तिळगुळाची वडी.

शनिवारखेरीज इतर पांच डब्यांत धान्य आहे; सहाहि डब्यांत डाळ, कडधान्य, दाणे किंवा अंडें आहे, आणि फळ किंवा भाजी आहे. चार दिवस ताजें आंबट फळ किंवा लिंबाची फोड आहे, आणि बुधवारीं संत्रें आहे. एवढी जोडी जमली कीं बाकीचें आपल्या आवडीवर सोडावें. प्रमाणासाठीं सरकारी योजनेचेंच माप लावून पाहावें : मध्यम आकाराच्या दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि वाटीभर भाजी हा आठवीच्या मुलाचा हिशेब झाला, नववी-दहावीच्या मुलास भूक असेल तर याहून अधिक द्यावें. यांत एकहि पदार्थ असा नाहीं कीं जो बाजारांतून महागडा आणावा लागतो. पोळी-बटाट्याच्या डब्यास मूठभर मोड आलेल्या मटकीची व एका पेरूची जोड दिली तरी अर्ध्याहून अधिक काम झालें.

आतां शेवटीं विद्यार्थ्यांस दोन शब्द. तुमचा डबा भरण्यासाठीं घरांत कोणी तरी तुमच्यापूर्वीं तासभर उठतें. बहुतेक घरीं ती आई असते, आणि तिला स्वतःलाहि कामावर जावयाचें असतें. नववींत गणितें सोडविणाऱ्या मुलास रात्रीं मटकी भिजत घालणें, लिंबू चिरणें, पेरू धुऊन ठेवणें, आणि शाळेंतून परत येतांच आपला डबा आपण घांसणें अवघड नाहीं. हें काम मुलींचें व मुलांचें सारखेंच आहे. ज्यानें उसळीची मटकी स्वतः भिजत घातली, तो ती सहसा टाकीत नाहीं.

डबा आवडला नाहीं तर तो गुपचूप फेंकूं नका. घरीं जाऊन स्पष्ट सांगा, उरलेला परत न्या, म्हणजे उद्यांचा डबा सुधारेल. आणि वर्गांत एखादा सोबती मधल्या सुट्टींत रोज नळाकडे जाऊन पाणी पिऊन येत असेल, डबा विसरलों असें पुन्हां पुन्हां म्हणत असेल, तर त्याची चौकशी चारचौघांत करूं नका. त्यास आपल्या शेजारीं बसवा, आणि आपल्या वर्गशिक्षकांच्या कानावर ती गोष्ट हळूच घाला. ज्या वर्गांत डबा आणलेला विद्यार्थी व न आणलेला विद्यार्थी यांतील भेद कोणास ओळखूं येत नाहीं, त्या वर्गांतील मुलें दुपारच्या तासाला जागीं असतात.